गटाची गाडी: इंधनाची वाट आणि निगा



गेल्या काही वर्षांत आपल्या गटांकडे गाड्या आल्या. कुणी पापड-मसाल्याचा माल तालुक्याला न्यायला जुना पिकअप घेतला. कुणी भाजी बाजार समितीत पोचवायला छोटा टेम्पो घेतला. केंद्र सरकारने २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना सुरू केली. एसटी क्वचितच येते अशा वाटांवर बचत गटातल्या बायकांनी प्रवासी गाडी चालवावी, हा तिचा हेतू. तर अशा या गाड्या. कर्ज गटाच्या नावावर, हप्ता गटाच्या कमाईतून, डिझेलचे पैसे गटाच्या कॅशबुकात. पण बॉनेट उघडलं की आपण दोन पावलं मागे सरतो आणि म्हणतो, "ते ड्रायव्हरदादाला कळतं."

आम्ही समन्वयक गटांच्या वह्या तपासतो. शिलाई मशीनची सुई, गिरणीचा पट्टा, मिरची कांडपाचं वीजबिल, सगळं कसं नेमकं लिहिलेलं असतं. गाडीच्या खात्यात मात्र 'गाडी दुरुस्ती' एवढे दोनच शब्द आणि पुढे मोठा आकडा. काय बिघडलं, का बिघडलं, टाळता आलं असतं का, हे विचारलं की सगळ्या एकमेकींकडे बघतात.

म्हणून आज आपण गाडीतल्या एकाच गोष्टीची माहिती घेऊ. ती म्हणजे इंधनाची वाट. टाकीत ओतलेलं डिझेल किंवा पेट्रोल इंजिनापर्यंत कसं जातं, वाटेत त्याला कोण अडवतं आणि आपण काय जपायचं. आपल्याला मेकॅनिक व्हायचं नाही. पण गाडी आपली आहे, तर तिच्याबद्दल योग्य प्रश्न विचारता आला पाहिजे.

टाकीपासून इंजिनपर्यंत

आपल्या बहुतेक माल गाड्या डिझेलच्या, म्हणून आधी डिझेलची वाट बघू.

गावातली नळयोजना डोळ्यांसमोर आणा. खाली विहीर, मग मोटर, मग गाळण्याची सोय, वर टाकी आणि तिथून घरोघरी नळ. गाडीतली व्यवस्था बरीचशी अशीच आहे.

पहिली डिझेलची टाकी. टाकीत बुडालेल्या नळीच्या तोंडाशी जाळी असते, ती मोठा कचरा अडवते. मग येतो फीड पंप. हा डिझेल टाकीतून ओढून पुढे ढकलतो. त्यानंतर डिझेल फिल्टर. डब्यासारखा दिसतो, आत घडी घातलेला खास कागद असतो. बारीक कचरा इथे अडतो आणि डिझेलमधलं पाणी तळाशी साचतं. बऱ्याच गाड्यांत हे पाणी काढायला फिल्टरच्या खाली एक छोटा स्क्रू असतो.

फिल्टरमधून निघालेलं स्वच्छ डिझेल मोठ्या पंपाकडे जातं. गॅरेजमध्ये याला नुसतं 'पंप' म्हणतात. हा डिझेलला जबरदस्त दाब देतो. नव्या गाड्यांत हे दाबलेलं डिझेल एका जाड नळीत साठून राहतं. ही नळी सगळ्या सिलिंडरना मिळून एकच असते, म्हणून तिला कॉमन रेल म्हणतात. तिथून प्रत्येक सिलिंडरला एक इंजेक्टर असतो, त्यालाच आपले मेकॅनिक नोझल म्हणतात. इंजेक्टर डिझेलचा फवारा सिलिंडरमध्ये मारतो. उरलेलं डिझेल रिटर्नच्या नळीने परत टाकीत येतं.

एवढीच वाट: टाकी, जाळी, फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, इंजेक्टर आणि परत टाकी. बोटांवर मोजण्यासारखी.

फवारा इतका बारीक का लागतो?

ज्यांनी पंपाचा स्टोव्ह वापरला आहे त्यांना हे पटकन कळेल. स्टोव्हमध्ये हवा भरून रॉकेलवर दाब आणायचा. तापलेल्या बर्नरमध्ये रॉकेलची वाफ व्हायची आणि बारीक भोकातून जोरात बाहेर यायची. मग निळी, आवाज करणारी आच मिळायची. भोकात काजळी अडकली की ज्योत पिवळी व्हायची, भांडी काळी व्हायची, रॉकेल जास्त जायचं आणि दूध तापायला दुप्पट वेळ लागायचा. मग आपण पिन मारायचो.

इंजेक्टरचं दुखणंही याच जातीचं आहे. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे आपण हाताने अनुभवलं आहे. दाबलेली हवा तापते. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आला की तो आपोआप पेट घेतो. फवारा धुक्यासारखा बारीक असेल तर थेंब न् थेंब जळतो. नोझल नीट फवारत नसेल आणि डिझेल जाड थेंबांनी टपकायला लागलं, तर अर्धवट जळतं. उरलेलं काळा धूर होऊन सायलेन्सरमधून बाहेर जातं. तो धूर म्हणजे गटाच्या कमाईचा धूर.

दाबाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब सांगतो. गाडीच्या टायरमध्ये आपण साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा भरतो. कॉमन रेलच्या गाडीत डिझेलचा दाब १,६०० बारपर्यंत आणि काही गाड्यांत त्याहूनही वर जातो. १,६०० बार म्हणजे टायरच्या दाबाच्या सुमारे ७०० पट. जुन्या पंपाच्या गाड्यांत दाब यापेक्षा कमी असतो, पण तोही शेकडो बार असतोच.

कामही अखंड चालू असतं. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक इंजेक्टरला मिनिटाला किमान १,००० वेळा उघडमीट करावी लागते. त्याच्या टोकाची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढी असतात. आतले सरकणारे भाग तर इतके घट्ट बसवलेले असतात की त्यांच्यामधली फट आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीहून कितीतरी कमी असते. आता सांगा, अशा जागी धुळीचा एक कण गेला तर काय होईल?

स्टोव्हला पिन मारता यायची, इंजेक्टरला ती सोय नाही. तो खोलून खास यंत्रावर तपासावा लागतो. त्यासाठी बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं आणि बदलायचा म्हटलं तर एकेकाला हजारो रुपये पडतात. फिल्टर त्यामानाने अगदी स्वस्त. ठिबकवाल्या शेतकरणीला हे सांगायला नको. फिल्टर वेळेवर धुतला नाही तर ड्रिपर बुजतात आणि मग अख्ख्या शेतातल्या नळ्या तपासत बसावं लागतं.

तीन वैरी: कचरा, पाणी आणि हवा

इंधनाच्या वाटेवर तीन वैरी असतात. बहुतेक बिघाड यांच्यामुळेच होतात.

पहिला कचरा. टाकीचं झाकण सैल, जुन्या टाकीला आतून गंज, डब्यातून किंवा बॅरलमधून न गाळता ओतलेलं डिझेल, या सगळ्यांतून कचरा येतो. त्यात गाडी कायम रिझर्व्हवर चालवायची सवय असेल तर तळाशी बसलेला गाळ वर येऊन जाळीत आणि फिल्टरमध्ये जातो. फिल्टर तुंबला की डिझेल पुरेसं पोचत नाही. सपाट रस्त्यावर गाडी चालते, पण चढाला किंवा माल भरल्यावर दम टाकते. ड्रायव्हरदादा म्हणतात, "ताई, गाडी पिकअप घेत नाही." तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा, "डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला?"

दुसरा वैरी पाणी. टाकी अर्धी रिकामी असली की उरलेल्या जागेत हवा असते. रात्री गारवा पडला की त्या हवेतला ओलावा टाकीच्या आतल्या अंगाला दवासारखा बसतो आणि खाली उतरतो. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी तळाशी जातं. पावसाळ्यात झाकणाचं रबर फाटलेलं असेल तर वरूनही शिरतं. आता एक महत्त्वाची गोष्ट. पंप आणि इंजेक्टर यांना वंगणाचं वेगळं तेल बहुधा नसतं. स्वतः डिझेलच त्यांचं वंगण. त्यात पाणी आलं की वंगण तुटतं, लोखंड लोखंडावर घासतं आणि गंज चढतो.

आमच्या भागातल्या एका गटाच्या पिकअपचं असंच झालं. पावसाळ्यात बॅरलमधलं डिझेल बरेच दिवस वापरलं जात होतं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा, पण गाडी चालते आहे म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तो दिवा फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा होता. ऐन सणाच्या ऑर्डरच्या वेळी, माल भरलेला असताना, गाडी घाटात बंद पडली. मेकॅनिकने फिल्टरचा खालचा स्क्रू सैल केला तर आधी पाणीच आलं. पंप आणि दोन इंजेक्टर कामातून गेले होते. दुरुस्तीचा खर्च त्या गटाच्या कित्येक महिन्यांच्या बचतीइतका झाला, आणि ऑर्डर गेली ती वेगळीच. स्क्रू सैल करून पाणी काढणं हे पाच मिनिटांचं काम होतं.

तिसरा वैरी हवा. डिझेल पूर्ण संपलं किंवा नळीच्या जोडात फट पडली की वाटेत हवा शिरते. "गाडीने एअर घेतली" म्हणतात ते हेच. डिझेल दाबलं जातं तसा दाब हवेला नीट बसत नाही, ती नुसती आकसते. मग स्टार्टर कितीही मारा, गाडी चालू होत नाही, उलट बॅटरी उतरते. अनेक गाड्यांत फिल्टरजवळ हाताने दाबायचा छोटा पंप असतो. तो दाबून हवा काढतात. कसा दाबायचा ते ड्रायव्हरदादाकडून एकदा बघून ठेवा. पण इंजिन चालू असताना मोठ्या पंपाच्या पुढची नळी कुणीही सैल करू नये. तिथला फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत मोठं नुकसान होतं. अशा माणसाला लगेच दवाखान्यात न्यायला हवं.

आणि पेट्रोलची गाडी?

पेट्रोलच्या गाडीची वाट थोडी वेगळी. तिथे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण होतं आणि स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. प्रमाणही ठरलेलं: वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा. जुन्या गाड्यांत हे मिश्रण कार्बोरेटर करायचा, आता सेन्सर आणि इंजेक्टर करतात. एवढी हवा लागते म्हणजे हवेची गाळणीही तितकीच महत्त्वाची. एअर फिल्टर धुळीने भरला की इंजिन गुदमरतं. डिझेलच्या गाडीलाही हे लागू आहे. आपल्याकडचे कच्चे रस्ते, ऊसतोडीच्या हंगामातला फुफाटा, खडीच्या गाड्या बघता पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या आधीच एअर फिल्टर काढून बघायला हवा. तो कागदाचा असतो, धुवायचा नाही. हलक्या हवेने आतून बाहेर झाडायचा, आणि काळवंडला असेल तर बदलायचा.

बऱ्याच पेट्रोल गाड्यांत पंप टाकीच्या आतच असतो आणि सभोवतालच्या पेट्रोलने तो थंड राहतो. गाडी सतत रिझर्व्हवर चालवली तर तो तापतो आणि लवकर जातो. पाव टाकी शिल्लक असतानाच पुन्हा भरायची, ही सवय पेट्रोल आणि डिझेल दोन्ही गाड्यांना बरी.

आता इथेनॉल. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्याच कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतल्या उसापासूनही बनतं, म्हणजे त्यात आपल्यातल्या कित्येकींच्या घरचा घाम आहे. पण त्याचे गुण माहीत असावेत. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर ओलावा वाढून इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसू शकतं. शिवाय लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतं. नव्या गाड्या या इंधनाला चालतील अशा बनतात. जुनी गाडी असेल तर रबरी नळ्या कडक झाल्यात का, जोडाला पाझर आहे का, पेट्रोलचा वास येतो का, हे वरचेवर बघा आणि कोणतं इंधन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा. जुनी गाडी घेताना मालकाकडून ही पुस्तिका मागून घ्या. ती कागदपत्रांइतकीच कामाची आहे.

गाडी सांगत असते

बाळ रडलं की आई ओळखते, भूक आहे की पोट दुखतं. गाडीच्या खुणाही अशाच ओळखता येतात.

धूर काळा असेल तर इंधन पुरतं जळत नाही. एअर फिल्टर बुजला असेल, इंजेक्टर नीट फवारत नसेल किंवा माल फार भरला असेल. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल जळतं आहे, ते इंधनाचं दुखणं नव्हे. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ दिसला तर घाबरू नका. गाडी तापल्यावरही येतच राहिला तर लगेच दाखवा.

इंजिन मधूनच गचके देत असेल, "मिसिंग मारते" म्हणतात तसं, किंवा सकाळी चालू व्हायला वेळ लागत असेल, तर इंधनाची वाट तपासायला सांगा. गाडीखाली ओला डाग दिसला तर हात लावून वास घ्या. डिझेल-पेट्रोलचा असेल तर गाडी पुढे न्यायची नाही.

आणि सगळ्यांत खरं बोलणारी खूण म्हणजे ॲव्हरेज. ते मोजायला काहीच लागत नाही, फक्त वही आणि पेन. टाकी पूर्ण भरा आणि मीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरा. मधले किलोमीटर भागिले या वेळी भरलेले लिटर, हे झालं ॲव्हरेज.

आता रुपयांत बघू. हिशेबाच्या सोयीसाठी डिझेलचा भाव ९० रुपये धरू. गाडी महिन्याला १,५०० किलोमीटर फिरते आणि लिटरला १५ किलोमीटर देते. म्हणजे १०० लिटर, ९,००० रुपये. निगा नसल्यामुळे ॲव्हरेज १२ वर आलं तर १२५ लिटर लागतील, ११,२५० रुपये. महिन्याला २,२५० रुपये जास्त, वर्षाला २७,०००. ॲव्हरेज उतरण्याची कारणं आणखीही असतात: टायरमध्ये हवा कमी, क्लच घसरणारा, रस्ता खराब. कधी डिझेल टाकीत पोचण्याआधीच कमी होतं. कारण कोणतंही असो, वहीत आकडे असतील तरच ते सापडतं. आकडे नसतील तर ड्रायव्हरवर नाहक संशय येतो, नाहीतर खरी गळती झाकली जाते. दोन्ही वाईटच.

पंपावर गेल्यावर

मीटर शून्यावर आहे ना, बघा. पावती घ्या आणि तिच्यावर गाडीचा नंबर लिहून घ्या. माप कमी वाटलं तर पंपावर ५ लिटरचं शासनाने प्रमाणित केलेलं माप असतं, त्यात मोजून दाखवा असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे. पेट्रोलच्या भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी मागता येते. कागदावर थेंब टाकायचा. चांगलं पेट्रोल उडून जातं, मागे डाग राहत नाही. कुणी दाद देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

नोझल आपोआप बंद झाल्यावर "अजून थोडं भरा" म्हणू नका. डिझेलच्या गाडीच्या झाकणावर ठळक अक्षरांत 'डिझेल' लिहून घ्या. चुकून पेट्रोल भरलं गेलंच, तर गाडी चालू करायची नाही, चावीसुद्धा फिरवायची नाही. आत्ताच आपण ऐकलं, डिझेल हेच पंपाचं वंगण. पेट्रोलला तो गुण नाही. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. गाडी चालू केली नसेल तर खर्च टाकी साफ करण्यावर भागतो. चालू केली तर पंपावर येतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्यासाठी डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणलं. यातल्या काही गाड्यांना धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचं एक द्रव वेगळ्या टाकीत भरावं लागतं. त्या टाकीचं झाकण बहुधा निळं असतं. तो द्रव डिझेलच्या टाकीत गेला किंवा डिझेल त्याच्या टाकीत गेलं, तर मोठं नुकसान होतं. आणि शेतातला युरिया पाण्यात कालवून तिथे चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

जिवाची काळजी आधी

नळी तोंडात धरून डिझेल-पेट्रोल ओढायची पद्धत गावोगाव आहे. ती बंद करा. पोटात गेलं तर त्रास होतोच, पण थोडंसं जरी फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. कुणी गिळलंच तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका, थेट दवाखाना गाठा. हातपंपाची नळी बाजारात मिळते, ती एक घेऊन ठेवा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीपर्यंतही पोचते. म्हणून पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून घरात ठेवायचं नाही, स्वयंपाकघरात तर नाहीच. लेकरं ते पाणी समजून पितात, असे प्रसंग घडतात. हात ग्रीसने माखले म्हणून पेट्रोलने धुऊ नका. पेट्रोल पेटलं तर पाणी ओतायचं नाही. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. वाळू, माती किंवा अग्निशामक वापरा आणि ११२ ला फोन करा.

बैठकीत ठरवायच्या गोष्टी

मैत्रिणींनो, आता पुढच्या बैठकीचा अजेंडा सांगतो. गाडीसाठी एक वेगळी वही करा. पहिल्या पानावर गाडीचा नंबर, विमा आणि पीयूसी कधी संपते त्या तारखा, आणि गाडीच्या पुस्तिकेतून बघून डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि इंजिन ऑइल किती किलोमीटरला बदलायचं ते लिहा. पुढच्या पानांवर रकाने आखा: तारीख, मीटरचा आकडा, किती लिटर, किती रुपये, ॲव्हरेज आणि शेरा.

रोज सकाळी गाडी काढण्याआधी गाडीखाली डाग आहे का बघायचं, झाकण घट्ट आहे का बघायचं, चावी फिरवल्यावर कोणता दिवा विझत नाही ते बघायचं. आठवड्याला टायरची हवा आणि एअर फिल्टर. फिल्टरमधलं पाणी पुस्तिकेत सांगितलं आहे तसं काढायचं, आणि पावसाळ्यात जरा लवकर लवकर. काढलेलं डिझेल-पाणी डब्यात धरायचं, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही.

फिल्टर बदलला की जुना फिल्टर मागून घ्या. नव्याच्या खोक्यावरचा नंबर आणि बिल वहीला टाचा. यात मेकॅनिकचा अपमान नाही. दळण आणताना आपण पीठ तोलून घेतो, तसंच हे. चांगल्या मेकॅनिकला विचारणारं गिऱ्हाईक आवडतं, कारण दुखणं कधीपासून आहे ते त्याला नीट कळतं.

वही दोघींकडे द्या, एकीकडे नको. एक थोडी शिकलेली आणि एक गाडीतून नेहमी जाणारी. दर महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब वाचतो तसं गाडीचं पान वाचायचं. दर फेरीच्या भाड्यातून थोडी रक्कम 'गाडी देखभाल' म्हणून बाजूला टाका. मग फिल्टर बदलायच्या वेळी "या महिन्यात राहू दे" असं म्हणायची पाळी येणार नाही. निगेचं बहुतेक वेळा तिथेच अडतं. माहिती असते, पण हाताशी पैसे नसतात.

गटाची गाडी फक्त मालासाठी नसते. रात्री कुणाचं पोट दुखलं, कुणाला कळा सुरू झाल्या आणि १०८ ला यायला वेळ असला, की वस्तीवरून पहिला निरोप त्याच गाडीकडे येतो. त्या वेळी ती पहिल्या चावीला सुरू झाली पाहिजे. त्यासाठी या आठवड्यात एवढंच करा. ड्रायव्हरदादाला सांगून बॉनेट उघडा, चौघीजणी उभ्या राहा आणि डिझेल फिल्टर कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगा. मग तो शेवटचा कधी बदलला ते विचारा. जे उत्तर येईल, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.